घरदार सुटलेल्यांची मदर : स्कोप्येपासून सॉल्ट लेकच्या छावणीपर्यंत

नागपूर : ५ सप्टेंबर म्हटलं की आपल्या शाळांमध्ये शिक्षक दिनाची धामधूम असते. त्याच तारखेला, १९९७ साली, कोलकात्यात एक बाई गेली. तिनेही तब्बल सतरा-अठरा वर्षं वर्गात खडू धरून भूगोल आणि इतिहास शिकवला होता. तिची ती ओळख मात्र आज कुणाला आठवत नाही. जगाला आठवते ती निळ्या काठाची पांढरी साडी आणि मदर तेरेसा हे नाव.

मदर तेरेसांबद्दल आपल्याकडे आतापर्यंत पुष्कळ छापून आलंय. गरिबांची आई, कुष्ठरोग्यांची सेवा, नोबेल, भारतरत्न. हे सगळं खरंच आहे. पण त्यांचं आयुष्य सलग वाचत गेलं की आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांच्यासाठी त्या झटल्या त्यातले बहुतेक लोक नुसते गरीब नव्हते, ते उखडलेले होते. दुष्काळाने गाव सोडलेले, फाळणीने देश सोडलेले, रोगामुळे घरच्यांनीच बाहेर काढलेले. आणि स्वतः मदरसुद्धा त्यातल्याच एक होत्या.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना हे जरा जास्तच जवळचं वाटेल. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, अर्जुनी मोरगावकडे, चंद्रपूरच्या बंगाली कॅम्प भागात पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं १९६० च्या दशकापासून राहताहेत. धान लावतात, तळ्यात मासळी सोडतात, पोरं मराठी शाळेत शिकतात. त्यांच्या आजी-आजोबांनी ज्या काळात घर सोडलं, त्याच काळात, त्याच लोंढ्यांमध्ये मदर तेरेसांचं काम उभं राहिलं. आपल्या गावातल्या शेजाऱ्याच्या कहाणीचं कोलकात्यातलं पान म्हणूनही हे आयुष्य वाचता येतं.

गाव तेच, देश बदलत गेला

२६ ऑगस्ट १९१० रोजी बाल्कन प्रदेशातल्या स्कोप्ये शहरात एका अल्बेनियन कॅथलिक कुटुंबात मुलगी झाली. नाव आग्नेस, घरात गोंजा म्हणायचे. त्यांच्या भाषेत गोंजा म्हणजे फुलाची कळी. (जाता जाता, २६ ऑगस्ट हाच आपल्या गडचिरोली जिल्ह्याचा स्थापना दिवस, साल १९८२. योगायोगच.) ती जन्मली तेव्हा स्कोप्ये तुर्की ऑटोमन साम्राज्यात होतं. ती दोन वर्षांची असताना बाल्कन युद्ध झालं आणि शहर सर्बियाकडे गेलं. पुढे युगोस्लाव्हिया झाला. आज ते उत्तर मॅसेडोनियाची राजधानी आहे. म्हणजे घर जागेवरच, पण देशाचं नाव दर काही वर्षांनी वेगळं.

वडील निकोला बोयाजिऊ व्यापारी होते, बांधकामाची कामंही घ्यायचे. अल्बेनियन लोकांच्या राजकारणात त्यांचा भाग होता. १९१९ मध्ये ते अचानक आजारी पडून गेले. विषप्रयोग झाला असावा, असा संशय घरच्यांना कायम राहिला. आग्नेस तेव्हा फक्त आठ-नऊ वर्षांची होती. आई द्राना हिने शिवणकाम आणि भरतकामाचा धंदा करून तीन लेकरं वाढवली. मोठी आगा, मधला लाझर आणि धाकटी आग्नेस. दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय द्राना पाठवत नसे, हे तिन्ही लेकरांनी पाहिलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी विधवा मायमाऊल्यांसारखीच ती.

बंगालमध्ये काम करणाऱ्या मिशनऱ्यांच्या गोष्टी आग्नेस चर्चमध्ये ऐकायची. अठराव्या वर्षी, सप्टेंबर १९२८ मध्ये, तिने लोरेटो सिस्टर्समध्ये जायचं ठरवलं. आई आणि बहिणीचा निरोप तिने रेल्वे स्टेशनवर घेतला. त्यानंतर त्या दोघी तिला पुन्हा कधीच दिसल्या नाहीत. पुढचं सगळं वाचताना हा निरोप लक्षात ठेवावा लागतो.

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ काही आठवडे इंग्रजी शिकून ती डिसेंबरमध्ये बोटीत बसली आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कलकत्त्यात उतरली. दार्जिलिंगला धार्मिक शिक्षण झालं. १९३१ मध्ये पहिली व्रतं घेताना तिने फ्रान्समधल्या संत तेरेझ यांचं नाव निवडलं. त्या नावाची एक सिस्टर आधीच होती, म्हणून स्पॅनिश पद्धतीने तेरेसा. मग एंटाली भागातल्या सेंट मेरीज शाळेत शिकवणं सुरू झालं. शिकवायची भाषा बंगाली. त्यांचं बंगाली इतकं चांगलं झालं की सहकारी त्यांना बंगाली तेरेसा म्हणू लागले. १९४४ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या.

भिंतीपलीकडचं कलकत्ता

शाळेला उंच भिंत होती. आत नीटनेटकी बाग, बाहेर मोतीझीलची झोपडपट्टी. १९४३ मध्ये बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात सुमारे ३० लाख माणसं गेली असं मानलं जातं. खेड्यांतली कुटुंबं पायी चालत कलकत्त्यात आली. भीक मागताना भातसुद्धा मागत नव्हती, भात शिजवून ओतून दिलेली पेज मागत होती. फुटपाथवर प्रेतं पडायची. हे सगळे शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर. शहरातल्या पांढरपेशांच्या घरी त्या वर्षी इतके हाल नव्हते. हा मार खेड्यांनी खाल्ला, हे ग्रामीण भागातल्या वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही.

तीन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४६ ला, शहरात हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. चार-पाच दिवसांत हजारो माणसं मारली गेली. बाजार बंद, गाड्या बंद. वसतिगृहात जवळपास ३०० मुली आणि कोठारात अन्न नाही. नियमाप्रमाणे लोरेटोच्या सिस्टरने एकटीने बाहेर पडायचं नसतं. तेरेसा बाहेर पडल्या. रस्त्यावर त्यांनी प्रेतं पाहिली. लष्कराच्या एका ट्रकने त्यांना अडवलं, पण शेवटी त्याच सैनिकांनी शाळेत तांदळाची पोती आणून टाकली.

बरोबर पंचवीस दिवसांनी, १० सप्टेंबर १९४६ ला, त्या दार्जिलिंगच्या गाडीत बसल्या होत्या. शाळा सोडून सगळ्यात गरिबांमध्ये जाऊन राहायचं, हा आदेश आपल्याला त्या प्रवासात ईश्वराकडून मिळाला, असं त्या पुढे आयुष्यभर मानत आल्या. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण त्या गाडीत बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर पंचवीस दिवसांपूर्वीचे रस्ते असणार, एवढं तर समजून घेता येतं.

परवानगी मिळायला दोन वर्षं लागली. आर्चबिशपनी घाई केली नाही, रोमकडूनही उत्तर यायचं होतं. अखेर १७ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी लोरेटोचं दार मागे टाकलं. अंगावर बाजारातली स्वस्त पांढरी साडी, तिला निळे काठ. खिशात पाच रुपये होते असं सांगतात. आधी पाटण्याला जाऊन मेडिकल मिशन सिस्टर्सच्या दवाखान्यात त्यांनी इंजेक्शन देणं, बाळंतपण, मलमपट्टी शिकून घेतली. फक्त भात आणि मीठ खाऊन राहायचा त्यांचा बेत होता. तिथल्या डॉक्टर सिस्टर्सनी त्यांना समजावलं की असं खाल्लं तर तुम्हीच आजारी पडाल, मग सेवा कोण करणार? हे त्यांनी ऐकलं. पुढे त्यांच्या संस्थेतल्या सिस्टर्सना साधं पण पोटभर जेवण असायचं.

शियालदाच्या फलाटावरून

डिसेंबर १९४८ मध्ये त्या कलकत्त्यात परतल्या तेव्हा शहर आणखी बदललेलं होतं. फाळणी होऊन सव्वा वर्ष झालं होतं. पूर्व पाकिस्तानातून गाड्या भरभरून लोक येत होते आणि शियालदा स्टेशनावर उतरत होते. पुढे जायला जागा नाही म्हणून फलाटावरच चूल मांडत होते. पंजाबकडच्या फाळणीत लोंढा एकदम आला आणि काही महिन्यांत थांबला. बंगालमध्ये तो थांबलाच नाही. १९५० च्या दंगलीनंतर आला, १९६४ नंतर आला, आणि १९७१ ला तर धरणच फुटलं. दंडकारण्य प्रकल्प, रायपूरजवळची माना छावणी, आणि हावडा-नागपूर मार्गाने आपल्या भागात येऊन वसलेली कुटुंबं, हे सगळं त्या न थांबलेल्या लोंढ्याचेच पाट.

मोतीझीलमध्ये तेरेसांनी शाळा सुरू केली ती झाडाखाली. फळा नाही, म्हणून काडीने मातीत अक्षरं काढायची. पहिल्या दिवशी पाच लेकरं होती. आधी अंघोळ, मग बाराखडी. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्रीक लेनमधल्या एका बंगाली ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना राहायला दिला. मार्चमध्ये त्यांची जुनी विद्यार्थिनी सुभाषिनी दास तिथे आली आणि म्हणाली की मलाही यायचंय. तीच पुढे सिस्टर आग्नेस झाली, आपल्या शिक्षिकेचं जन्मनाव घेऊन. ७ ऑक्टोबर १९५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेला रोमची मान्यता मिळाली. तेव्हा सदस्य होत्या फक्त बारा. बाकीच्या कॅथलिक सिस्टर्स तीन व्रतं घेतात. यांनी चौथं जोडलं, ते म्हणजे गरिबातल्या गरिबाची मोबदल्याशिवाय सेवा.

१९५२ मध्ये कालीघाटला निर्मल हृदय सुरू झालं. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांसाठी महापालिकेने काली मंदिराशेजारची यात्रेकरूंची रिकामी धर्मशाळा दिली. परिसरातून विरोध झाला. मंदिराजवळ परकी बाई धर्मांतर करणार, अशी ओरड झाली. पुढे मंदिराचाच एक पुजारी क्षयाने खंगला आणि त्याला कुठेच जागा मिळेना, तेव्हा या सिस्टर्सनी त्याला ठेवून घेतलं. हळूहळू विरोध मावळला. तिथे आलेले बरेच जण असे होते की मेल्यावर कुणाला कळवायचं हेच ठाऊक नसायचं. गाव सुटलं की माणसाचं हेच होतं.

कुष्ठरोगाचं कामही १९५७ पासून सुरू झालं, फिरत्या गाडीतून. इथे आपल्याला आपलं माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून हेच करत होते. मोतीझीलची शाळा झाडाखाली भरू लागली त्याच सुमारास वरोऱ्याला बाबा आमटे आनंदवनाची जमीन नांगरत होते. दोन्हीकडे रोग्याला सगळ्यात आधी घरातून हाकललं जात होतं. पद्धत मात्र वेगळी. बाबांनी श्रमावर आणि शेतीवर जोर दिला, मदरनी शुश्रूषेवर. तरी असनसोलजवळचं शांतिनगर हे त्यांनी उभं केलेलं कुष्ठरोग्यांचं गाव आनंदवनाच्या बरंच जवळ जातं. मदर आणि सिस्टर्स जी साडी नेसायच्या, तीही टिटागढच्या केंद्रात कुष्ठरोग्यांनीच मागावर विणलेली असायची.

शांतिनगरच्या पैशांची गोष्ट मुंबईत घडली. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. त्यांच्यासाठी अमेरिकेतून आलेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी जाताना मदरना देऊन टाकली. मदर तिच्यात एकदाही बसल्या नाहीत. त्यांनी तिची लॉटरी काढली आणि आलेली मोठी रक्कम शांतिनगरला लावली. हिशेबाला बाई पक्की होती.

सिमेंटच्या नळ्यांतला संसार

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली आणि माणसं सरहद्दीकडे पळाली. डिसेंबरपर्यंत जवळपास एक कोटी लोक भारतात आले. एक कोटी हा आकडा वाचायला सोपा आहे. आजचा अख्खा नागपूर जिल्हा जेमतेम निम्मा भरेल, म्हणजे अंदाज येईल. कोलकात्याच्या पूर्वेला सॉल्ट लेक ही नवी वसाहत तेव्हा बांधली जात होती. तिथे गटारासाठी आणून ठेवलेल्या मोठाल्या सिमेंटच्या नळ्यांमध्ये कुटुंबं शिरली. एका नळीत एक संसार. दोन्ही तोंडांना फाटकी साडी बांधली की झालं घर. त्या एकाच छावणीत दोन लाखांहून जास्त माणसं होती.

मग पाऊस लागला आणि कॉलरा आला. छावण्यांत संडास नाहीत, पिण्याच्या पाण्याजवळच घाण. मे-जूनमध्ये लेकरं दिवसात सुकून जाऊ लागली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. सरहद्दीवरच्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. आई-बहिणीच वाटी-चमच्याने पाजत होत्या. त्यांच्या देखरेखीतल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३-४ टक्क्यांवर आलं. आज आपल्या गावात आशाताई जी ओआरएसची पुडी देतात, तिच्यावर जगाचा विश्वास बसला तो या छावणीमुळे.

मदर आणि त्यांच्या सिस्टर्स सॉल्ट लेकमध्ये उतरल्या. त्या एकट्या नव्हत्या हेही सांगायला पाहिजे. सरकारी यंत्रणा होती, रामकृष्ण मिशन होतं, भारत सेवाश्रम संघ होता, परदेशी संस्था होत्या, आणि कॉलेजची पोरं होती. पण इतरांना जे काम नको असायचं ते या सिस्टर्सच्या वाट्याला यायचं आणि त्या ते मागूनच घ्यायच्या. कॉलऱ्याच्या रुग्णाखालची घाण काढणं, देवीच्या फोडांनी भरलेल्या माणसाला आंघोळ घालणं, आई मेलेलं तान्हं पोर उचलून शिशुभवनात नेणं. या सिस्टर्सपैकी बऱ्याच जणी साध्या घरांतल्या, छोटानागपूर आणि केरळच्या खेड्यांतून आलेल्या मुली होत्या. जगात नाव झालं मदरचं. बादल्या उचलल्या त्या या मुलींनी. त्यांची नावं आज कुठल्या पुस्तकात शोधून सापडत नाहीत, आणि हे मला खटकतं.

हा खर्च आपल्या गावांनीही उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर शरणार्थी मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. घरात जुनी पाकिटं जपून ठेवली असतील तर बघा, सापडेल.

ढाका आणि तिराना, एकच वर्ष

१६ डिसेंबर १९७१ ला युद्ध संपलं. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक शरणार्थी आपल्या नव्या देशात, बांगलादेशात परतले. मदर तेरेसाही तिकडे गेल्या, कारण आता वेगळीच माणसं बेघर झाली होती. युद्धात हजारो बायकांवर बलात्कार झाले होते. शेख मुजीब यांच्या सरकारने त्यांना वीरांगना असं सन्मानाचं नाव दिलं, पण घरचा दरवाजा त्या नावाने उघडत नव्हता. नवरे आणि बाप त्यांना परत घ्यायला तयार नव्हते. कितीतरी जणी गरोदर होत्या. १९७२ च्या सुरुवातीला जुन्या ढाक्यात, इस्लामपूर भागात, सिस्टर्सनी या बायकांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी घर उघडलं. त्या घरातली १५ बाळं जुलै १९७२ मध्ये कॅनडातल्या कुटुंबांनी दत्तक नेली. पुढे इतर देशांतही गेली.

इथेच एक अवघड मुद्दा येतो. नव्या सरकारने या बायकांना गर्भपाताची सोय करून दिली होती, परदेशी डॉक्टर आले होते. मदरचा गर्भपाताला कडक विरोध होता, तो त्यांच्या धर्मश्रद्धेतून आलेला. सगळी बाळं माझ्याकडे द्या, ही त्यांची भूमिका. ज्या बाळांना कुणीच घेणार नव्हतं त्यांना त्यांच्यामुळे आई-बाप मिळाले, हे खरं. पण सरकार एक ठरवत होतं, मदर दुसरं सांगत होत्या, आणि ज्या बाईच्या पोटात मूल होतं तिला नेमकं काय हवंय हे विचारणारे फार थोडे होते. दत्तक गेलेली काही मुलं मोठी झाल्यावर आपली आई शोधायला ढाक्यात आली. आयांची नावं नोंदवहीतच नसायची.

त्याच १९७२ साली, १२ जुलैला, तिकडे अल्बेनियाची राजधानी तिराना इथे द्राना गेली. आग्नेसची आई.

द्राना आणि आगा १९३० च्या दशकात तिरानाला राहायला गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे एन्व्हर होजाची कम्युनिस्ट राजवट आली आणि देशाचे दरवाजे बंद झाले. आत कुणाला येऊ देईनात, बाहेर कुणाला जाऊ देईनात. धर्म पाळणंच पुढे गुन्हा ठरलं. भाऊ लाझर इटलीत अडकला. आई म्हातारी झाली, आजारी पडली. मरण्याआधी लेकीला एकदा बघायचं एवढंच तिचं मागणं होतं. मदरनी प्रयत्न केले, मोठमोठ्या लोकांनी रदबदली केली, पण परवानगी मिळाली नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बहीण आगाही गेली. जिच्यासाठी जगातले पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष दार उघडून उभे राहायचे, त्या बाईला आईच्या मातीला जाता आलं नाही. सॉल्ट लेकच्या नळीतली माणसं आणि ती, यांच्यात या एका बाबतीत काही फरक उरला नव्हता.

नाव आणि बोल

१९६२ मध्ये पद्मश्री आणि मॅगसेसे, १९७९ मध्ये शांततेचं नोबेल, १९८० मध्ये भारतरत्न. नोबेलच्या मानाची मेजवानी त्यांनी रद्द करायला लावली आणि तो पैसा गरिबांकडे वळवला. मुंबईत भायखळ्याचं आशादानही याच काळातलं, १९७६ चं.

नाव झालं तशी टीकाही झाली आणि ती सगळीच खोडसाळ नव्हती. १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाने निर्मल हृदय पाहून लिहिलं, की इथे निदान नीट होत नाही आणि वेदना कमी करणारी जोरदार औषधं दिली जात नाहीत. कोलकात्याचेच डॉ. अरूप चॅटर्जी आणि ब्रिटिश पत्रकार ख्रिस्तोफर हिचेन्स यांनी तर पुस्तकंच लिहिली. एवढा पैसा येतो तो जातो कुठे, हैतीचा हुकूमशहा दुवालिए याच्या घराण्याकडून सन्मान कशाला घेतला, आणीबाणीबद्दल चांगलं का बोलल्या, असे प्रश्न विचारले गेले. शुश्रूषा म्हणजे उपचार नव्हे, हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच आहे. ज्या माणसाला दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवलंय त्याला खाट देणारे दुसरे कोण होते, हा उलटा प्रश्नही तितकाच बरोबर. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची पत्रं छापली गेली. तेव्हा कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याची जाणीवच होत नव्हती. कोरडं, अंधारं वाटायचं. तरी सकाळी उठून त्या कामाला लागत. श्रद्धा नसलेल्या वाचकालाही हा भाग थांबवून ठेवतो.

ऑगस्ट १९८२ मध्ये बैरूतवर बॉम्ब पडत होते. पश्चिम भागातल्या एका दवाखान्यात अपंग, मतिमंद मुलं अडकली होती आणि कर्मचारी बरेचसे पळाले होते. ७१ वर्षांच्या मदर तिथे पोचल्या. गोळीबार थांबला त्या मधल्या वेळात रेड क्रॉसच्या गाड्या घेऊन त्यांनी ३७ मुलं बाहेर काढली. ही मुलं मुस्लिम होती, जागा दुसऱ्याच देशातली होती. पण त्यांना १९४६ च्या ऑगस्टमधलं कलकत्ता आठवलं असेल का, असं वाटून जातं. तेव्हाही ऑगस्टच होता, आणि त्या अशाच एकट्या बाहेर पडल्या होत्या.

परत जाणं

ऑगस्ट १९८९ मध्ये, होजा मेल्यानंतर चार वर्षांनी, अल्बेनियाने अखेर त्यांना येऊ दिलं. त्या तिरानाच्या दफनभूमीत गेल्या. आई आणि बहिणीच्या कबरीपाशी उभ्या राहिल्या. स्टेशनवरच्या निरोपाला एकसष्ट वर्षं होत आली होती.

मार्च १९९७ मध्ये तब्येतीमुळे त्यांनी जबाबदारी सोडली. सिस्टर निर्मला या त्यांच्या जागी आल्या, रांचीच्या, नेपाळी वळणाच्या हिंदू घरात जन्मलेल्या. ५ सप्टेंबरला मदर गेल्या. वय ८७. तेव्हा १२० हून जास्त देशांत सुमारे चार हजार सिस्टर्स काम करत होत्या. १३ सप्टेंबरला सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली. ज्या तोफगाड्यावरून गांधीजींना आणि नेहरूंना नेलं होतं, त्याच गाड्यावरून. २०१६ मध्ये रोमने त्यांना संत जाहीर केलं.

कोलकात्यात लोअर सर्क्युलर रोडवर त्यांच्या संस्थेचं मुख्य घर आहे. तळमजल्यावर साधा पांढरा चौथरा, वर झेंडूच्या पाकळ्यांनी काढलेली अक्षरं. हावड्याहून बस मिळते, कुणीही जाऊ शकतं, पैसे लागत नाहीत.

२००९ मध्ये अल्बेनियाच्या सरकारने भारताकडे मागणी केली, की आमच्या लेकीच्या अस्थी आम्हाला परत द्या. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होणार होती, त्याआधी त्यांना आईच्या शेजारी ठेवायचं होतं. तोच देश, ज्याने आई जिवंत असताना व्हिसा दिला नव्हता. भारत सरकारने नकार दिला. कारण सांगितलं ते एवढंच, की त्या भारताच्या नागरिक होत्या आणि आपल्याच देशात विसावल्या आहेत.